मोतीबिंदू : गुंगी आणि रक्तदाब

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो : ‘मला पुरते झोपवणार ना?’ डॉक्टर जेव्हा सांगतात की नाही, आपण जागेच असाल, तेव्हा त्यांचा चेहरा उतरतो. डोळ्यासारख्या नाजूक इंद्रियात शस्त्र चालावयाचे आणि आपण ते जाणत पडून राहावयाचे, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात. नेहमी १३०-१४० असणारा आकडा त्या दिवशी १८० च्या घरात गेलेला असतो. सोबत आलेला मुलगा गोंधळून जातो. डोळ्याच्या कामाला रक्तदाबाची एवढी चौकशी कशाला, असे तो विचारतो. आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली तर रागावतोही. गावाहून भाडे खर्चून, रजा काढून आलेल्या माणसाचा हा राग समजण्यासारखा आहे.

झोपेचा प्रश्न आणि रक्तदाबाचा प्रश्न वरवर पाहता निरनिराळे दिसतात. वस्तुतः ती एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. ती कशी, हे आज मला श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे.

जागेपणी डोळ्यावर शस्त्र चालविण्याची प्रथा आपल्या देशात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या रोगावरील शस्त्रकर्माचे वर्णन आलेले आहे. जवाच्या टोकासारखे तोंड असलेल्या शलाकेने डोळ्याच्या बाजूला वेध घ्यावयाचा आणि दृष्टीच्या आड आलेला दोष दूर सारावयाचा, अशी ती रीत होती. रोग्याला बसवून, जखडून धरून, त्याला आपल्याच नाकाकडे पाहावयास सांगत. पण मला त्या वर्णनातील सर्वांत लक्षणीय भाग वाटतो तो पुढचा. शस्त्रकर्म झाल्यावर रोग्याने ढेकर देऊ नये, खोकू नये, शिंकू नये, थुंकू नये, अंग कापू देऊ नये, असे तेथे बजावले आहे. रक्तदाब मोजण्याचे यंत्र ज्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते, त्या काळी या वैद्याने एवढे खचित ओळखले होते की छातीत आणि डोक्यात दाब वाढविणारी प्रत्येक क्रिया नुकत्याच उघडलेल्या डोळ्याला घातक असते.

पुढे कित्येक शतके साधने बदलली, परंतु रोग्याची स्थिती बदलली नाही. जाक दाव्हिएल या फ्रेंच वैद्याने मोतीबिंदू डोळ्यातून बाहेर काढण्याची आपली पद्धत १७५३ साली प्रसिद्ध केली. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी १७९८ ते १८३२ पर्यंत राज्य केले. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि रोगट डोळ्यांची चित्रे तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. मात्र पॅरिस असो वा तंजावर, डोळा बधिर करण्याचे साधन कोणापाशीच नव्हते. ते आले १८८४ साली. कार्ल कोलर नावाच्या व्हिएन्नातील एका तरुण डॉक्टराने कोकेनचे थेंब डोळ्यात घातले की डोळा बधिर होतो, हे दाखवून दिले. हायडेलबर्गच्या परिषदेला जाण्याइतके पैसे त्याच्यापाशी नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्याच एका डॉक्टराने तेथे वाचला. त्यानंतर डोळ्याच्या मागे सुई घालून भूल देण्याची रीत रूढ झाली. १९९२ च्या सुमारास पुन्हा नुसत्या थेंबांनी काम भागविण्याचा प्रघात सुरू झाला आणि आज तो पुष्कळ ठिकाणी स्थिरावला आहे. वेदना अशा रीतीने जवळजवळ संपली. भीती मात्र राहिली. आणि आपल्या विषयाचा खरा आरंभ तेथे होतो.

भीतीचा आणि डोळ्याचा संबंध काय, हे कळण्यासाठी डोळ्याची रचना थोडी पाहावयास हवी. आपला डोळा म्हणजे एक बंद, भरलेला गोल आहे. त्याच्या आत एक निश्चित दाब असतो; निरोगी माणसात तो साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांइतका भरतो. या गोलाच्या मागच्या भिंतीत, दृष्टिपटलाच्या पाठीशी, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे एक दाट अस्तर आहे. वजनाच्या मानाने पाहिले तर शरीरात ज्या थोड्या जागी सर्वांत अधिक रक्त खेळते, त्यांपैकी ही एक होय. आता या वाहिन्या फुटत का नाहीत? आतून रक्त त्यांना बाहेर ढकलीत असते, आणि बाहेरून डोळ्यातील दाब त्यांना सावरून धरीत असतो. सायकलच्या टायरमुळे आतील ट्यूबला जसा आधार मिळतो, तसाच हा प्रकार आहे.

शस्त्रवैद्य डोळ्याला छेद घेतो त्या क्षणी हा बाहेरचा आधार नाहीसा होतो. डोळ्यातील दाब एकाएकी शून्यावर येतो. रक्ताचा दाब मात्र होता तितकाच राहतो. माणूस म्हातारा असेल, वाहिन्या कडक झालेल्या असतील आणि त्याच वेळी भीतीने, खोकल्याने वा कुंथण्याने रक्तदाब उसळला, तर मागची एखादी बारीक रोहिणी फुटते. रक्त अस्तराच्या मागे साठू लागते आणि आपल्या जोराने डोळ्यातील सारे द्रव्य त्या छेदाकडे लोटू लागते. काही पळांत डोळा दगडासारखा घट्ट होतो. शस्त्रवैद्याला अशा वेळी एकच गोष्ट करावयाची असते, ती म्हणजे मिळेल त्या वेगाने छेद बंद करणे. ते साधले नाही तर दृष्टी कायमची जाते. पूर्वी बुबुळाच्या कडेने दहा-बारा मिलिमीटर लांबीचा, जवळजवळ अर्धवर्तुळाकार छेद घेऊन अख्खे भिंग बाहेर काढीत, तेव्हा हे संकट प्रत्येक नेत्रवैद्याच्या मनात कायम घर करून असे.

चार्ल्स केलमन या अमेरिकन नेत्रवैद्याने १९६७ साली ध्वनिलहरींनी भिंगाचे तुकडे करून ते नळीने ओढून घेण्याची युक्ती काढली, तेव्हापासून छेद लहान लहान होत गेला. आता तो जेमतेम दोन-तीन मिलिमीटरांचा असतो. हाताने करावयाच्या लहान छेदाच्या पद्धतीतही तो सहा-सात मिलिमीटरांचा व आपोआप मिटणारा असतो. शस्त्रक्रिया चालू असता डोळ्यात सतत द्राव सोडून दाब टिकवून धरता येतो. म्हणून ते भयंकर रक्तस्राव आता विरळा झाले आहेत. विरळा झाले, नाहीसे झाले नाहीत. आणि वृद्धत्व, जुना उच्च रक्तदाब, काचबिंदू वा फार मोठ्या नंबराचा चष्मा यांपैकी काही ज्याला आहे त्याच्या बाबतीत तर डॉक्टर आजही सावधच असतात.

इतके ऐकल्यावर कोणालाही वाटेल की मग रक्तदाब जितका खाली आणावा तितके बरे. येथेच फसगत होते. डोळ्याच्या मज्जेला आणि मेंदूला रक्त पोहोचवावयाचे तर मागे पुरेसा जोर हवा. ज्याच्या रक्तदाबाला वर्षानुवर्षे १६० ची सवय जडली आहे, त्याच्या मेंदूतील वाहिन्यांनी आपला कारभार त्या आकड्यावर बसविलेला असतो. त्याला तासाभरात ११० वर आणून ठेवले तर तरुणाला जो दाब निरोगी तो या म्हाताऱ्याला उपासमारीचा ठरतो. चक्कर, घेरी, छातीत कळ, आणि दुर्दैव असेल तर पक्षाघात. तेव्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर डॉक्टर एखाद्या आदर्श आकड्याचा शोध घेत नसतात. ते दाबाचे स्थैर्य शोधीत असतात. रोग्याचा स्वतःचा जो नेहमीचा दाब, त्याच्या आसपास त्याला राखणे, त्याला उसळू न देणे आणि कोसळूही न देणे, एवढेच त्यांना हवे असते.

आता त्या सकाळी दाब वाढतो कशाने? पहिले कारण अर्थातच भय. अमेरिकेतील बफेलो येथील संशोधकांनी २००१ साली डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ४० वृद्धांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आठवड्यापूर्वी ज्यांचा वरचा दाब सरासरीने १३० च्या आसपास होता, त्यांचाच शस्त्रक्रियेच्या सकाळी १६० च्या आसपास गेला होता. त्यांपैकी निम्म्यांना कानात आपापल्या आवडीचे संगीत ऐकावयास दिले, तेव्हा त्यांचा दाब थोड्याच वेळात उतरला. उरलेल्यांचा शस्त्रक्रिया होईपर्यंत चढलेलाच राहिला.

दुसरी कारणे साधी आहेत, म्हणूनच ती नजरेतून सुटतात. ‘आज शस्त्रक्रिया आहे, काही घ्यावयाचे नाही’ अशा समजुतीने आजोबांनी सकाळची रक्तदाबाची गोळीच घेतलेली नसते. ही समजूत घरोघर आढळते आणि ती बहुधा चुकीची असते. डॉक्टरांनी निराळे सांगितले नसेल तर ती गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावयाचीच असते. बाहुली मोठी व्हावी म्हणून डोळ्यात जे थेंब घालतात, त्यांत फेनिलेफ्रिन नावाचे औषध असते. ते अश्रुमार्गाने नाकात उतरते, तेथून रक्तात शोषले जाते आणि रक्तवाहिन्या आकसून दाब वाढवू शकते. दहा टक्क्यांचे थेंब या कारणाने पुष्कळांनी टाकून दिले. आपल्याकडे पाच टक्क्यांचे, ट्रॉपिकामाइडबरोबर मिसळलेले, थेंब बरेच वापरले जातात. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडील कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरला की शोषण पुष्कळसे थांबते. आणि तिसरे कारण सांगावयास संकोच वाटण्याजोगे असले तरी फार महत्त्वाचे आहे : भरलेले मूत्राशय. प्रोस्टेटचा त्रास असणारा वृद्ध संकोचाने बोलत नाही. टेबलावर उताणा पडल्यावर त्याची तगमग सुरू होते, दाब चढत जातो, आणि सर्वांना वाटते की म्हातारा घाबरला आहे. आत नेण्यापूर्वी लघवीला जाऊन येणे हा या सर्व उपायांतील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता गुंगीकडे वळू. भूल आणि गुंगी या दोन शब्दांत लोक फारसा भेद करीत नाहीत. वैद्यकात मात्र तो फार मोठा आहे. डोळ्यापुरती जी बधिरता आणतात ती स्थानिक भूल. पूर्ण बेशुद्धी ही सार्वदेहिक भूल. ती लहान मुलांना, अंगाला सतत कंप असणाऱ्यांना, किंवा सांगितलेले समजू न शकणाऱ्यांना द्यावी लागते. या दोहोंच्या मध्ये गुंगीच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर माणूस फक्त निवांत होतो. हाक मारली की नीट ओ देतो. दुसरीवर डोळे मिटतात, पण शब्दाने वा हलक्या स्पर्शाने तो जागा होतो. त्याहून खाली उतरले की श्वासाचा मार्ग आपोआप उघडा राहील याची खात्री उरत नाही. मोतीबिंदूसाठी पहिली पायरी पुरते. या पायऱ्यांवरून खाली घसरणे फार सोपे असते, आणि सत्तरीच्या पुढच्या माणसाला तर तरुणाच्या निम्मी मात्राही जास्त होऊ शकते.

यासाठी जी औषधे वापरतात त्यांत मिडाझोलाम सर्वांत परिचित आहे. अर्ध्या-एक मिलिग्रॅममध्ये भीती ओसरते, आणि मधल्या वेळेची आठवणही पुसट होते. पण काही वृद्धांत त्याचा उलटाच परिणाम होतो; शांत होण्याऐवजी ते बडबडू लागतात, उठून बसू पाहतात. डोळ्यामागे सुई घालताना क्षणभर ग्लानी यावी म्हणून प्रोपोफॉल देतात. त्याने रक्तदाब झटकन उतरतो, आणि चमत्कारिक गोष्ट अशी की या अर्धवट ग्लानीत डोळ्याभोवती सुई टोचली की काहींना जोराची शिंक येते. सुश्रुताने शिंकेला मनाई का केली होती ते येथे पुन्हा आठवते! फेंटानिलसारखी अफूच्या जातीची औषधे श्वास मंदावतात. प्रत्येक औषधाची अशी काही ना काही किंमत असते आणि ती द्यावीच लागते.

अलीकडे डेक्समेडेटोमिडीन या औषधाचा बराच बोलबाला झाला. ते श्वास फारसा दाबीत नाही. त्याने आलेली गुंगी नैसर्गिक झोपेसारखी असते, आणि ते भीतीने उसळणारा रक्तदाबही खाली आणते. ऐकताना वाटते, हे तर आपल्याला हवे होते तेच. पण जेद्दा येथे मोतीबिंदूच्या रोग्यांत त्याची मिडाझोलामशी तुलना केली गेली, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराळा निघाला. रोगी थोडे अधिक समाधानी होते खरे, परंतु त्यांचा रक्तदाब आणि नाडी दोन्ही अधिक खाली गेली आणि त्यांना घरी सोडावयास उशीर झाला. वीस मिनिटांच्या शस्त्रक्रियेसाठी हे औषध योग्य वाटत नाही, असे त्या लेखकाचे मत पडले. त्यावर पुढेही उलटसुलट प्रयोग झाले आहेत, मात्रा कमी करून पाहण्यात आल्या आहेत. माझे स्वतःचे मत असे की ज्या औषधाने चढलेला दाब उतरतो, त्यानेच मुळात चढलेला नसलेला दाब कोसळतो, आणि औषधाला या दोहोंतला फरक कळत नाही. तो पाहणाऱ्या माणसाला कळावा लागतो.

नाडीचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. नेत्रगोलक दाबला, अथवा त्याचे स्नायू ओढले, तर हृदयाचे ठोके मंदावतात. १९०८ साली आश्नर आणि दाग्नीनी यांनी स्वतंत्रपणे हे नोंदविले. डोळ्याकडून निघालेली संवेदना मेंदूत पोहोचते आणि तेथून हृदयाला लगाम घालणाऱ्या मज्जेवाटे खाली उतरते. नुसत्या थेंबांवर केलेल्या शस्त्रक्रियेत असे क्वचितच घडते. डोळ्यामागे भूल दिल्यावर गोलक दाबून ठेवताना घडू शकते. उपाय सोपा आहे : दाबणे थांबवावे. परंतु ठोके मंदावले हे कळावयास नाडीकडे कोणाचे तरी लक्ष हवे.

पुरते झोपवा, म्हणजे भीतीही नको आणि दाबही नको, असे म्हणणाऱ्यांना आता उत्तर देता येईल. अधिक गुंगी दिलेला माणूस घोरू लागतो. घोरताना डोके हलते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काम करणाऱ्या शस्त्रवैद्याला ते भूकंपासारखे भासते. त्याहून वाईट म्हणजे मध्येच एकदम जागे होणे. आपण कोठे आहोत हे न कळून तो हात वर नेतो, आणि त्या क्षणी शस्त्र डोळ्यात असते. आणखी एक प्रसंग सर्वांत फसवा असतो. तोंडावर निर्जंतुक कापड पसरलेले. त्याखाली हवा कोंडलेली. गुंगीने श्वास उथळ झालेला. रक्तातील प्राणवायू कमी पडला वा कोंडलेला कार्बन डायऑक्साइड वाढला की माणूस अस्वस्थ होतो, चुळबुळ करतो आणि त्याचा रक्तदाब चढतो. पाहणाऱ्याला वाटते की गुंगी कमी पडली, म्हणून तो आणखी औषध देतो. हवेसाठी तडफडणाऱ्याला श्वास मंदावणारे औषध देणे यासारखा अनर्थ नाही. म्हणूनच बोटाला प्राणवायू मोजण्याचे यंत्र, दर पाच मिनिटांनी दंडावरचा दाब, कापडाखाली प्राणवायूची नळी, आणि ‘आजोबा, बरे आहे ना?’ असे विचारणारा आवाज, या गोष्टी औषधाच्या बाटलीइतक्याच आवश्यक आहेत. जेथे हे पाहणारा शिकलेला माणूस नाही, तेथे शिरेतून गुंगीचे औषध न देणेच शहाणपणाचे. थेंबांवर वा स्थानिक भुलीवर काम उत्तम होते, आणि अनेक रुग्णालयांत ते तसेच चालते.

चढलेला दाब घाईने उतरविण्याच्या एका प्रथेविषयी मात्र स्पष्टच बोलले पाहिजे. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली सोडली की पाच-दहा मिनिटांत आकडा खाली येतो आणि सर्वांना हायसे वाटते. या उपायानंतर पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मृत्यूही ओढवल्याच्या नोंदी आहेत. तो सर्वस्वी थांबवावा, असे आवाहन अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात १९९६ साली करण्यात आले. तरीही शस्त्रक्रियेची यादी लांब आहे, रोगी खोळंबले आहेत, अशा वेळी तो मोह होतो. आकडा खाली आला म्हणजे रोगी सुरक्षित झाला असे नव्हे.

मग कितीपर्यंत दाब चालवून घ्यावा? ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या आणि रक्तदाबतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१६ साली नियोजित शस्त्रक्रियांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिचा आशय व्यवहारी आहे. गेल्या वर्षभरात नेहमीच्या डॉक्टरांकडे दाब १६०/१०० च्या खाली असल्याची नोंद असेल, तर रुग्णालयातील एकट्या वाढलेल्या आकड्यावरून काम अडवू नये. अशी नोंद नसेल, तर तेथे मोजलेला दाब १८०/११० च्या खाली असेपर्यंत पुढे जाण्यास हरकत नाही. त्याहून वर असेल, तर घाईने उतरविण्यापेक्षा काही आठवडे औषधोपचार करून मग यावे. यावरून श्रोत्यांच्या ध्यानात येईल की घरच्या रक्तदाबाची साधी वही किती मोलाची असते. मोतीबिंदू काही आठवडे थांबल्याने बहुधा बिघडत नाही. मात्र ज्या म्हाताऱ्याचा दुसरा डोळाही गेलेला आहे, त्याला थांबावयास सांगताना डॉक्टरांनी ती वेळ निश्चित करून द्यावी. ‘दाब उतरला की या’ एवढेच सांगून पाठविलेली कित्येक माणसे परत येतच नाहीत.

दुसऱ्या टोकाला, तपासण्यांचा ढीग करूनही फारसे साधत नाही. अमेरिका व कॅनडा येथे १९,५५७ शस्त्रक्रियांत निम्म्या रोग्यांच्या नेहमीच्या रक्त-लघवीच्या व हृदयाच्या तपासण्या केल्या, निम्म्यांच्या केल्या नाहीत. २००० साली प्रसिद्ध झालेला निकाल असा की दोन्ही गटांत उपद्रवांचे प्रमाण सारखेच, दर हजारी सुमारे ३१, निघाले. त्या उपद्रवांत अग्रक्रम कशाचा होता? वाढलेल्या रक्तदाबाचा, आणि त्याखालोखाल मंदावलेल्या वा अनियमित नाडीचा. म्हणजे जे घडते ते आदल्या आठवड्यातील कागदावर दिसत नाही, टेबलावर दिसते.

भीतीवर औषधाखेरीज उपाय आहेत की नाहीत? आहेत, आणि ते अनुभवाने पटलेले आहेत. सिंगापूरच्या नेत्रवैद्यांनी रोग्यांना विचारून पाहिले की शस्त्रक्रिया चालू असता आपल्याला काय दिसले. पुष्कळांना प्रखर प्रकाश दिसला, हलणारे रंग दिसले. काहींना हत्यारे आणि डॉक्टरांची बोटेही दिसली, आणि त्यांतले काही जण त्याने घाबरले. हेच आधी सांगून ठेवले तर भीती पुष्कळ कमी होते. निळा-गुलाबी उजेड दिसेल, यंत्राचा घूं घूं असा आवाज येईल, गार पाणी कानाकडे ओघळेल, खोकला आलाच तर आधी सांगा, हात मात्र उचलू नका : हे पाच मिनिटांचे बोलणे रोग्याच्या स्वतःच्या भाषेत झाले पाहिजे. हैदराबादेत वा कोलकात्यात मुलाकडे राहणारी, मराठीखेरीज दुसरी भाषा न येणारी आजी असेल, तर ‘डोकं हलवू नका’ हे तीन शब्द तेथील परिचारिकेला आधीच शिकवून ठेवण्याचे काम मुलाने करावे. हात धरून बसणारे कोणी असेल तर त्याचाही उपयोग होतो. रोग्याला काही लागले तर तो हात दाबून सांगतो. डोके हलवून सांगावे लागत नाही.

शस्त्रक्रिया आटोपल्यावर सर्वांचे लक्ष पट्टी बांधलेल्या डोळ्याकडे असते आणि नेमका त्या वेळी दाब विसरला जातो. भीती एकदम गेलेली असते, सकाळची गोळी आता कामाला लागलेली असते, गुंगीचा अंश उरलेला असतो, आणि पोटात अन्न नसते. अशा माणसाला टेबलावरून ताडकन उभे केले तर तो कोसळतो. डोळा वाचतो आणि खुब्याचे हाड मोडते. प्रथम उठवून बसवावे, पाय खाली सोडू द्यावेत, चहा-बिस्किटे द्यावीत, दाब पुन्हा मोजावा, आणि मग आधार देऊन चालवावे. त्या दिवशी त्याला एकट्याने घरी जाऊ देऊ नये.

काही महिन्यांनी दुसऱ्या डोळ्याची पाळी येते. या खेपेला आजोबा बरेच निर्धास्त असतात. ‘मागच्या वेळी तर काही कळलेच नाही’ असे ते इतरांना सांगतात. आणि शस्त्रक्रियेनंतर मात्र तक्रार करतात की या वेळी जास्त दुखले, जास्त वेळ लागला, डॉक्टर बहुधा नवे होते. डॉक्टर तेच असतात, आणि वेळही बहुधा तितकाच लागलेला असतो. पहिल्या खेपेला दिलेल्या औषधाने आठवण पुसून टाकलेली असू शकते. या खेपेला भीती कमी, म्हणून लक्ष अधिक. तक्रार ऐकून घेताना भूलतज्ज्ञ दंडावरच्या पट्ट्याकडे पाहतो. आकडा १३८/८० असतो, आणि तो मनातून संतुष्ट असतो.